आबांचं बोट आणि जुन्या 'किशोर'ची पानं

आमच्या घरी रात्री साडेआठला पानं घेतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात मला दुसरी पाळी असली की घरी यायला साडेअकरा होतात, आणि तो आख्खा आठवडा माझं ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं असतं. म्हणून पहिल्या पाळीचा आठवडा आला की मला सण आल्यासारखं वाटतं. सध्या तोच चाललाय. बाहेर पाऊस लागून राहिलाय, वडगावातली आमची गल्ली चिखलानं भरलीय, आणि घरात भाकरीचा वास आहे.

भाकरीबद्दल आधी सांगतो. जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यात पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे आहे तो चिकटपणाही, जाते आणि भाकरी थापताना तुटते. बायको म्हणून पाणी चांगलं उकळून पिठात ओतते, उलथन्यानं हलवते आणि हाताला सोसेल इतकं निवलं की मळायला घेते. आमची थोरली सहावीत आहे. गेल्या महिन्यापासून शेवटची भाकरी तीच थापते, त्यावर कुणी हात लावायचा नाही. परातीत पीठ भुरभुरायचं, गोळा ठेवायचा, तळव्यानं थापत थापत गोल फिरवायचा. ते फिरवणं तिला अजून नीट साधत नाही. एक बाजू जाड राहते, कडेला चिरा पडतात. मंगळवारी मात्र तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग जाळावर धरली आणि भाकरी टम्म फुगली. ती ओरडलीच, "आज्जा, फुगली की! बघ की!"

आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून बसले होते. ती भाकरी त्यांच्याच ताटात गेली. त्यांनी वरचा पापुद्रा अलगद सोडवला, त्याच्यावर शेंगाची चटणी आणि तेलाची धार घातली आणि अर्धा धाकट्याला दिला. मग मला म्हणाले, "तुझ्या आईची पहिली भाकरी फुगायला सहा महिने लागले होते. ही लवकर शिकली." थोरलीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कारखान्यात दिवसभर मी मायक्रॉनमध्ये मोजतो, हायड्रॉलिकचे सुटे भाग सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, फिरवतो, एक भाग हुकला की अख्खी बॅच परत येते. पण त्या कडा फुटलेल्या भाकरीइतकी नेमकी वस्तू मी गेल्या महिन्यात बघितली नाही.

ताटावर बसलं की मोबाईल नाही, टॅब नाही, हा बायकोचा नियम. तो मलाही लागू आहे. जेवताना बोलायचं. शाळेत काय झालं, कुणाच्या घरी गणपतीची तयारी सुरू झाली, यळ्ळूरकडच्या शिवारात भाताला पाऊस किती मानवलाय. पगाराच्या दिवशी मी पाव किलो कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, आणतो, तो शेवटी वाटीतून फिरतो. थंडीत पावट्याची उसळ आणि शिजवलेली रताळी असतात. यात विशेष काही नाही हे मला माहीत आहे, बेळगावात घरोघरी हेच शिजतं. तरी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात गार भाकरी एकट्यानं खाताना हीच वाटी आठवते.

ताटं उचलली, खरकटं पुसलं की मग टॅब निघतो.

हा टॅब लॉकडाऊनमध्ये थोरली पहिलीत होती तेव्हा हप्त्यावर घेतलेला. धाकट्यानं तो एकदा पायरीवरून पाडला, वरच्या कोपऱ्यात तडा गेलाय. शाळा सुरू झाल्यावर कपाटात पडून होता. तो परत बाहेर निघाला 'किशोर'मुळे.

'किशोर' मासिक बालभारतीचं. १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघतंय. महाराष्ट्रातल्या पोरांना ते शाळेत दिसायचं. आमच्या मराठी शाळा कर्नाटकातल्या, आमची पाठ्यपुस्तकं बंगळूरहून यायची. पुण्यात छापलेल्या मासिकाचा रस्ता आमच्या वर्गापर्यंत नव्हता. माझ्यापर्यंत ते यायचं मामाच्या पिशवीतून. मामा शिनोळीचा. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं निघालं की हद्द ओलांडल्या ओलांडल्या शिनोळी लागतं, चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा. त्याच्या पोरांचे अंक वाचून झाले की शनिवारच्या बाजाराला येताना तो ते लाल एसटीतून माझ्यासाठी आणायचा. भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली. कधी दोन महिन्यांनी एक, कधी एकदम तीन. शनिवारी दुपारी मी उंबऱ्यावर बसून राहायचो.

त्यातला एक अंक पावसात भिजून आला. मुखपृष्ठ गेलं होतं आणि मागची काही पानं लगद्यासारखी झाली होती. त्यात एक गोष्ट होती. होडी होती, नदीला पूर होता, एक मुलगा होता. मुलगा होडी सोडतो आणि तिथंच कागद संपला. पुढं काय झालं मला कधीच कळलं नाही. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "अरे बाळा, पोरांनी वाचलाय, मी कुठं वाचलाय?" मामेभावंडांना आठवेना. मग मी रोज रात्री झोपताना तिचा एक एक शेवट करायचो. कधी मुलगा पैलतीरी जायचा, कधी होडी आमच्या वडगावच्या शिवारात येऊन लागायची.

ही हकिकत मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना सांगितली. थोरलीनं टॅब काढला आणि म्हणाली, "पप्पा, जुनं सगळं असतंय की ऑनलाइन. शोधून सोडूया." आणि खरंच होतं. बालभारतीनं 'किशोर'चे जुने अंक पहिल्यापासून फुकट वाचायला ठेवलेत. पानं तशीच्या तशी, पिवळट, चित्रांसकट. मी पहिलं पान उघडलं तेव्हा मला मेथीचा वास आला. खरंच आला.

आता अडचण अशी की मुखपृष्ठच नव्हतं तर महिना कुठला आठवायचा? मी नऊ ते बारा वर्षांचा असणार, म्हणजे १९८८ ते १९९१. एकेका अंकाचं शेवटचं पान उघडून दहा मिनिटांत शोधता आलं असतं. थोरली नाही म्हणाली. तिचं म्हणणं, "एका रात्री एकच अंक. पहिल्यापासून. पुढं पळायचं नाही." तिनं वहीत महिन्यांची यादी केलीय, झालेल्या महिन्यावर खूण करते. जानेवारी १९८८ पासून सुरुवात केली. वाचते ती, ऐकतो आम्ही सगळे, आणि आवडलेलं पान दोनदा होतं. "मी वाचतो, तुम्ही गप बसा," म्हणते. आमच्याकडं पोरीही 'मी वाचतो, मी येतो' असंच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना गंमत वाटते, मला ते ऐकल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटत नाही.

आबांचं सांगायचं राहिलंच. आबा हातमागावर बसायचे, आयुष्यभर. शहापूरच्या व्यापाऱ्याकडं साड्या पोचवल्या की ते गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचे. ते वाचनालय १८४८ चं. मला लहानपणी ते एकदा तिथं घेऊन गेले होते. पंख्याचा आवाज, लाकडी बाकं आणि कुणीच बोलत नाही. मागाच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला ती शांतता केवढी हवीशी वाटत असेल ते मला आत्ता कारखान्यात समजतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांचं वाचन सुटलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या डोळ्याच्या पडद्यावर साखरेचा परिणाम झाला. पेपर हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. "अक्षरं मुंग्यांगत पळायल्यात," म्हणायचे. तक्रार केली नाही कधी. फक्त पेपर आला की पूर्वी हात पुढं व्हायचा, तो व्हायचा बंद झाला.

जूनमध्ये एका रात्री थोरली वाचता वाचता पाणी प्यायला उठली. टॅब आबांच्या मांडीवर राहिला. ती परत आली आणि सहज दोन बोटांनी पान फाकवलं. अक्षर मोठं झालं, आणखी मोठं झालं, लिंबाएवढं झालं. आबा पुढं वाकले. मग हळूच, एक एक अक्षर लावत, त्यांनी एक ओळ वाचली. मोठ्यानं. स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज थांबला. बायको ओले हात घेऊन दारात उभी होती.

त्यांना स्वतःला पान मोठं करायचं होतं. त्यांनी दोन बोटं काचेवर ठेवली, फाकवली, काही झालं नाही. परत फाकवली. टॅब ढिम्म. मला वाटलं तड्यामुळं असेल. माझं बोट लावलं तर चालत होतं. मग त्यांची बोटं हातात घेऊन बघितली. चाळीस वर्षं तुटलेले धागे जोडून, धोट्याची दोरी ओढून, कांड्या भरून बोटांची टोकं वाळल्या चामड्यासारखी झालीत. टॅबच्या काचेखाली विजेचा हलका भार असतो. बोटाची कातडी ओलसर असते, ती त्यातला थोडा ओढून घेते, आणि बोट कुठं टेकलंय ते टॅबला त्यावरून कळतं. आबांच्या बोटांत ओलच नव्हती. काचेच्या हिशेबी तिथं बोटच नव्हतं.

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. ज्या बोटांनी आमचं घर चाललं ती बोटं एका यंत्राला दिसेनात.

उपाय थोरलीनंच काढला. पेल्यातल्या पाण्यात रुमालाचं टोक बुडवून तिनं आज्जाची बोटं पुसली, जराशी ओली राहतील इतपत. "आता लाव." त्यांनी लावली आणि पान मोठं झालं. आबा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, ते हसले की लहान पोरासारखे दिसतात. तेव्हापासून टॅबशेजारी एक वाटी पाणी आणि घडी केलेला रुमाल ठेवायचा असतो. ते काम धाकट्याचं. पाच वर्षांचा आहे, वाटी दोन्ही हातांनी धरून आणतो, सांडत नाही.

ऐकायला आता शेजारची मुलगीही येते. थोरलीच्याच वयाची, घरी कन्नड बोलतात. आमची वाचता वाचता मधे थांबते आणि तिला कन्नडमध्ये सांगते. ती लगेच विचारते, "मुंद एनात?" म्हणजे पुढं काय झालं. धाकटाही आता तेच विचारतो, अगदी मराठी गोष्टीलाही. तिची आज्जी एकदा आली होती. टॅबवरची चित्रं बघून तिला तिच्या लहानपणचं चंदामामा आठवलं. ते मासिक १९४७ च्या जुलैमध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं आणि पुढं कन्नडमध्येही आलं, मराठीतही 'चांदोबा' म्हणून आलं. विक्रम आणि वेताळ दोघांकडंही तेच. आबा आणि ती आज्जी, एक मराठीतून आणि एक कन्नडमधून, वेताळ झाडावर परत कसा जाऊन बसायचा ते एकमेकांना सांगत होते. पोरं आळीपाळीनं दोघांकडं बघत होती.

दुपारच्या चहाच्या सुट्टीत मी स्वतःही फोनवर वाचतो, दिवाळी अंकांतल्या कथा, साप्ताहिकांतले लेख. त्यातच एकदा किर्लोस्करांवर काही आलं होतं, ते मी घरी सांगितलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते आमच्या बेळगावात. पुढं नांगराचा कारखानाही इथंच. १९१० मध्ये त्यांना इथून हलावं लागलं आणि कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. थोरलीला विश्वास बसेना. "कारखान्यातून मासिक कसं निघतंय पप्पा?" मी म्हणालो, निघालं होतं खरं. लोखंड कापणाऱ्या माणसांनाही वाचायला लागतं की. त्या रविवारी आम्ही मुद्दाम किर्लोस्कर रोडवरून चालत गेलो. रस्त्यावर बघण्यासारखं तसं काही नव्हतं, कापडाची दुकानं आणि गर्दी. पण ती पाटी तिनं दोनदा वाचली, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये.

आज दुपारी चारला घरी आलो तेव्हा आबा आधीच पेला भरून बसले होते. म्हणाले, "आज होडी सापडली तर मग उद्यापासून काय वाचायचं?" थोरलीनं दप्तर ठेवता ठेवताच सांगितलं, सापडली तरी डिसेंबर १९९१ पर्यंत जायचंच, वहीत लिहून झालंय. आणि होडी सापडली की आधी मी लहानपणी केलेले सगळे शेवट सांगायचे, मगच ती मागची पानं उघडणार.

मला त्यातले चार आठवतात. पाचवा जेवणापर्यंत आठवायचाय. आत परातीचा आवाज सुरू झालाय, आणि आज रात्री मे १९९० आहे.