मी 'पानी' का चालवून घेते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसं विचारणारे बरेच आहेत. जुने विद्यार्थी लग्नकार्यात भेटले की हसत हसत विचारतात, शिक्षकखोलीतल्या मैत्रिणी जरा तिरकसपणे. "बाई, आमच्या वेळी एका 'आनी'ला वहीत वीस वेळा 'आणि' लिहायला लावायचात. आता पोरं तोंडावर 'पानी पिऊन येऊ का' म्हणतात आणि तुम्ही खुशाल 'जा' म्हणता. झालंय काय तुम्हाला?"

वय झालं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. सुटसुटीत उत्तर आहे, पण खरं नाही.

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. गावं सोडून कंपन्यांमध्ये कामाला आलेल्या लोकांची मुलं आमच्याकडे जास्त. आठवीची तोंडी परीक्षा होती, विषय 'मला आठवणारा प्रसंग'. बाकीची मुलं सहलीचे आणि वाढदिवसांचे प्रसंग सांगून गेली. मग एक किडकिडीत मुलगा उठला. एरवी तोंड न उघडणारा. त्याच्या आजोबांनी विहीर खणली, ते तो सांगू लागला.

"आमच्या आज्ज्यानं इहीर खांदायला काढली. आधी पानाड्या आनला. त्यानं हातावर नारळ ठिवला..."

"पाणाड्या," मी म्हटलं. "आणला. ठेवला."

तो थांबला, तिन्ही शब्द नीट म्हणून दाखवले आणि पुढे गेला. वरची माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. बार उडवताना सगळ्यांनी बांधापलीकडं जाऊन कसं निजायचं. यारीनं दगड वर येताना खालचा माणूस भिंतीला कसा चिकटून उभा राहतो. वर्ग चिडीचूप होता. मी मधे मधे बोलतच होते. 'पाणी', 'कोणी', 'म्हणून'. तो म्हणाला, "सात परस गेलो तरी पानी न्हाई." मी म्हटलं, परस म्हणजे घरामागची जागा, तुला काय म्हणायचंय? तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग हात वर करून म्हणाला, "एक मानूस उभा ऱ्हायला की एक परस."

"माणूस," मी म्हटलं.

त्यानं एकदा वर्गाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग अगदी सावकाश, जीभ मागे वळवून म्हणाला, "मग पाणी लागलं." आणि खाली बसला.

त्याचा 'ण' स्वच्छ होता. गोष्ट मात्र तिथंच बुडाली. सात परसांनंतर काय झालं, पाणी कसं लागलं, आजोबांनी काय केलं, हे वर्गातल्या एकालाही कळलं नाही. मी त्याला दहापैकी सहा गुण दिले. हे लिहायची लाज वाटते, पण दिले.

त्या रात्री मला 'परस' सतावत राहिला. पुरुष, पुरुषभर खोली, परस. शब्दाचा सगळा प्रवास समोर उभा होता आणि मी त्या पोराला परसदारी पाठवत होते.

गंमत अशी की हे सगळं मला ठाऊक नव्हतं असं नाही. एम. ए. ला व्युत्पत्तीचा पेपर होता. संस्कृतातलं 'पानीय', प्राकृतात 'पाणिअ', त्यावरून मराठी 'पाणी'. पाठ होतं. म्हणजे मुळात तिथं 'न'च होता. उलट 'कर्ण', 'पर्ण', 'सुवर्ण', 'उष्ण' यांच्यात 'ण' असून आपण सगळे, अगदी सदाशिव पेठेतले सुद्धा, कान, पान, सोनं आणि ऊन म्हणतो. नवनीताचं लोणी करताना 'न'चा 'ण' तर केलाच, वर पहिल्या 'न'चा 'ल'ही करून टाकला. त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. (त्या मुलाचा 'पानी' थेट संस्कृतातून आला असं मी म्हणत नाही. त्यानं आधी 'न'चा 'ण' आणि मग 'ण'चा 'न' असा फेरा घेतलेला असणार. पण 'शुद्ध' म्हणजे 'मुळाजवळचं' असं ज्यांचं म्हणणं असतं, त्यांनी मग इथं काय करायचं?)

तर हे सगळं माहीत असून मी पंधरा-सोळा वर्षं पोरांना टोकत होते. परीक्षेत व्युत्पत्ती लिहून गुण मिळवले होते, पण 'पानी' ऐकल्यावर कपाळाला पडणारी आठी वेगळ्याच ठिकाणाहून येत होती. ती कुठून येते, हे मला त्या मुलानं शोधायला लावलं.

ती माझ्या घरातूनच येत होती.

माझी आई कागलची. तिकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, पुरुषासारखं. कोल्हापूरकडं यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आई लग्न होऊन पुण्याच्या वाड्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात शेजारणींसमोर म्हणाली, "मी पाणी भरून येतो." त्यावरून महिनाभर हसू चाललं. आईनं वर्षभरात बोलणं असं बदललं की मला कळू लागलं तेव्हा ती आमच्या वाड्यातली सगळ्यांत 'शुद्ध' बोलणारी बाई होती. आम्हा भावंडांना जेवताना सुद्धा सुधारायची. 'मपलं' म्हटलं की भाजी वाढायची थांबायची.

फक्त मावशीचा फोन आला की आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. दाराआडून ऐकू यायचं, "व्हय गं, दिवाळीला येतो की. दोन दिस ऱ्हातो." मी लहान होते. मला वाटायचं, आई फोनवर कोणाची तरी नक्कल करते. एकदा पाहुण्यांसमोर मी ती नक्कल करून दाखवली. सगळे हसले. आई नाही हसली.

माझं भाषाप्रेम म्हणून मी जे मिरवत होते, त्यात बराचसा भाग त्या वाड्यातल्या हसण्याच्या भीतीचा होता. भीती आईची, लाल पेन माझं.

दुसरी एक गोष्ट त्याच सुमारास घडली. माळा आवरताना वडिलांच्या वडिलांची पत्रं सापडली. ते स्वतः मराठीचे मास्तर. पत्रांत जागोजागी 'नांव', 'कांहीं', 'घरीं', 'आंत'. प्रत्येक ओळीवर अनुस्वारांचा सडा. साहित्य महामंडळानं 1962 साली लेखनाचे चौदा नियम केले, 1972 मध्ये आणखी चार घातले, आणि त्या पहिल्या खेपेलाच हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. वडील सांगायचे की आजोबांनी शेवटपर्यंत ते सोडले नाहीत. विचार करा, ज्या माणसानं आयुष्यभर अनुस्वार गाळला म्हणून मुलांचे गुण कापले, त्याच्या पत्रातल्या त्याच अनुस्वारांवर नातीनं लाल गोल काढले असते.

म्हणून मी आता वर्गात 'शुद्ध' हा शब्द वापरत नाही, 'प्रमाण' म्हणते. ठरवून घेतलेलं, ठरवणारे बदलले की बदलणारं. लिहिताना मात्र मी पूर्वीइतकीच कडक आहे, हे आता शिकणारी मुलं शपथेवर सांगतील. उत्तरपत्रिकेत 'पानी' दिसलं तर गोल पडतोच. बोलणाऱ्याचं वाक्य मात्र मी मधेच तोडत नाही.

हे सगळं सोपं झालं असं समजू नका. पालकसभेत एक वडील मुद्दाम थांबले. टेम्पो चालवतात. म्हणाले, "बाई, तुम्ही टोकत न्हाई म्हने. टोकत जावा. आमाला कुनी टोकलं न्हाई म्हनून आमचं आसं ऱ्हायलं. साहेबापुढं त्वांड उघडलं की समोरचा गालात हसतो. पोराचं तसं नको व्हायला." मी बोलींबद्दल दोन वाक्यं बोलले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "ते खरं, पन टोका." माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. बोलीचा अभिमान बाळगायचा सल्ला देणं मला परवडतं, कारण माझा 'ण' आईनं कधीच पक्का करून दिलाय.

त्यांच्यामुळे मी शनिवारची शेवटची दहा मिनिटं 'ण'ला दिली. कोणाचीही चूक न काढता, कवायतीसारखी. 'न'ला जिभेचं टोक दातांच्या मागे, 'ण'ला मागे वळवून टाळूला. फळ्यावर जोड्या: मन-मण, सन-सण, घन-घण, तन-तण. एका मुलीनं विचारलं, "बाई, आमच्याकडं दोनी 'तन'च. मग शेतातलं कुठलं आन अंगाचं कुठलं, कसं कळतं?" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात मागच्या बाकावरून आलं, "हातात खुरपं आसलं की कळतं." इतकं नेमकं उत्तर मला भाषाशास्त्राच्या वर्गात मिळालं नव्हतं.

आणि मी पार मोकळ्या मनाची झाले आहे, असंही नाही. 'मला मदत कर'च्या जागी कोणी 'माझी मदत कर' म्हणालं की अजूनही दातांखाली खडा येतो. ती हिंदीची सावली आहे, वेगळी गोष्ट आहे, असं मी स्वतःला समजावते. आजोबाही अनुस्वारांबद्दल असंच काहीतरी समजावत असतील.

विहिरीचं पुढं काय झालं, ते मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विचारलं. आधी घाबरला, मग म्हणाला, "झालं की सांगून, बाई." वर्ष संपेपर्यंत दोन-तीनदा विचारलं. दर वेळी त्याचं उत्तर एकच, आणि दर वेळी अगदी प्रमाण मराठीत: "मग पाणी लागलं."

आई गेली. मावशी आहे कागलला, ऐंशीच्या पुढची. गेल्या दिवाळीत तिच्याकडून निघताना मला काय वाटलं कोण जाणे, पायावर डोकं ठेवून म्हटलं, "मावशी, मी जातो."

तिनं पदर तोंडाला लावला. "पुन्याची ती पुन्याची, अजून नक्कलच करतीस व्हय गं आमची?"