वॉर्डाबाहेर बसून शिकण्याजोगे

मिरजेत मी परिचारिकांना मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, ऑनलाइन प्रशिक्षण देते, हे कळल्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: तळमळणाऱ्या लेकराची शुश्रूषा मोबाइलवर कशी शिकवणार? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून हे लिहिते.

शिरेत सुई घालण्याचा हात मोबाइलवर बसत नाही, हे मान्यच आहे. पण जत किंवा आटपाडीकडच्या सिस्टरच्या वाट्याला असे मूल क्वचितच येते, आणि येते तेव्हा विचारायला शेजारी जाणते कोणी नसते. निरनिराळ्या तालुक्यांतल्या सिस्टर आमच्या ऑनलाइन वर्गात आपापले रुग्ण, नावगाव वगळून, चर्चेला आणतात, तेव्हा कर्करोग, सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार असे सगळे प्रत्येकीला ऐकायला मिळते. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ‘प्रोजेक्ट एको’ हा दूरस्थ प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला तो याच पद्धतीने, मात्र हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी.

बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना मोजण्यासाठी ‘फ्लॅक’ मोजपट्टी आहे: चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे, प्रत्येकी ० ते २ गुण. पालकांच्या परवानगीने घेतलेली चित्रफीत आम्ही आधी आवाज बंद करून दाखवतो, कारण आवाज असला की सगळ्या जणी रडण्यालाच गुण देतात आणि पोटाशी घेतलेले गुडघे, आवळलेला जबडा नजरेतून सुटतो. थकून निपचित पडलेल्या मुलाला ‘आता बरे वाटतेय’ म्हणणारे वॉर्डात पुष्कळ भेटतात.

सर्वाधिक वेळ मॉर्फिन या प्रभावी वेदनाशामकावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांसाठी कोडीन हे सौम्य वेदनाशामक वगळून मध्यम व तीव्र वेदनेला मॉर्फिनसारखी औषधे सुचवली. आपल्याकडे अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनच्या परवान्यांची गुंतागुंतही कमी झाली. मॉर्फिनची भीती मात्र कायम आहे, आणि तिच्यापायी घड्याळाप्रमाणे द्यायचे औषध ‘फारच दुखले तर’ दिले जाते. म्हणून आम्ही हिशेब करून घेतो: डॉक्टरांनी २ मिलिग्रॅम लिहिले, हाताशी १० मिलिग्रॅमची साधी गोळी आहे, ती विरघळवून द्रावण १० मिलिलिटर केले, तर सिरिंजमध्ये २ मिलिलिटर घ्यायचे. हळूहळू विरघळणारी गोळी कधीही कुटायची नाही. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत तिचे औषध लिहिले आहे का, हेही पाहायचे. हे सारे वही-पेन्सिल घेऊन शांतपणे शिकण्याचे आहे. वॉर्डातल्या धावपळीत ते कोण समजावणार?

नातेवाइकांशी बोलण्याचा सरावही पडद्यावर बरा होतो. जतच्या पूर्वेकडे अनेक घरांत कानडी चालते. दुभाष्या म्हणून उभा राहिलेला मामा आईचा प्रश्न अर्धाच पोहोचवतो, तेव्हा उरलेला अर्धा कसा काढून घ्यायचा, हे कानडी जाणणाऱ्या सिस्टर इतरांना करून दाखवतात.

रात्रपाळी करून आलेली एखादी कॅमेरा बंद ठेवते; माझी हरकत नसते. अडते ते पुढे. हात बसण्यासाठी वर्गानंतर काही दिवस प्रत्यक्ष वॉर्डात काढावे लागतात आणि त्यासाठी बहुतेकींना स्वतःची रजा खर्च करावी लागते. तुमची ओळख वरपर्यंत असेल, तर तेवढे दिवस ड्यूटी म्हणून लावून घेण्याचे पाहा. मोबाइलचे मी बघते.