उपदेश न करणारे बाबा

बाबांना जाऊन परवा आठ महिने झाले. लिहायचं लिहायचं म्हणत इतके दिवस टाळत होते, कारण लिहायला बसलं की ते कागदावर एखाद्या संतासारखे उतरायचे आणि मग वाटायचं छे, हे आपले बाबा नाहीतच. आज म्हटलं जसं आठवेल तसं लिहून टाकू.

बाबा समुपदेशक होते, तीस वर्षांहून जास्त काळ. पण तो शब्द त्यांना कधीच आवडला नाही. म्हणायचे, "त्यात उपदेश बसलाय गं, माणूस पाटी वाचूनच परत फिरेल." आणि त्या खोलीत उपदेश सोडून बाकी सगळं चालायचं, रडणं, चिडणं, तासभर नुसतं गप्प बसणं सुद्धा.

हे मला त्यांच्याकडून कळलेलं नाही हां. कामातलं एक अक्षर त्यांनी कधी घरात आणलं नाही, नाव तर सोडाच पण "आज एक बाई आल्या होत्या" इतकं सुद्धा नाही. पहिल्याच भेटीत ते समोरच्याला सांगायचे की इथलं बोलणं इथेच राहील, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तरच मला कुणाला तरी सांगावं लागेल. आणि हे तोंडदेखलं नव्हतं, आम्ही तीस वर्षं त्या माणसासोबत राहिलो आणि त्यांचा निम्मा दिवस कसा जायचा हे आम्हाला माहीतच नव्हतं.

कळलं ते ते गेल्यावर. घरी माणसं यायला लागली, आम्ही कधी न पाहिलेली. दारात उभी राहायची, "तुम्ही मला ओळखत नाही" म्हणायची, थोडा वेळ बसायची आणि उठायची. आम्ही कुणाला काही विचारलं नाही, विचारणं बरोबरही नव्हतं. एक गृहस्थ मात्र बाबांच्या प्रार्थनेच्या कोपऱ्याकडे बघत कितीतरी वेळ बसून होते. मग म्हणाले, "मी तीन वर्षं येत होतो, सर देव मानतात हे मला आज इथे आल्यावर कळलं."

मला त्या क्षणी जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. कारण आमच्यासाठी बाबा म्हणजे आधी देवाचं माणूस. पहाटे पाचला उठणार, अंघोळ करून आसनावर बसणार, जप करणार, मग मांडीवर एक वही घेऊन काहीतरी पुटपुटत राहणार. ताप असो, प्रवास असो, चुकलं नाही. आणि ह्या माणसाने तीन वर्षं समोर बसलेल्या दुखावलेल्या माणसाला एकदाही देवाचं नाव काढून दाखवलं नाही! त्याचा देव आहे का नाही, असला तर कसा, हे तो ठरवेल, मी त्याच्या घरात माझी मूर्ती नेऊन ठेवायची नाही, असं एकदा माझ्या भावाला म्हणाले होते. मला वाटतं हीच त्यांची भक्ती होती, बाकीचं पहाटेचं सगळं त्याची तयारी.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञावर त्यांचा फार जीव. रॉजर्स १९२४ साली न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकायला गेले होते, म्हणजे रस्ता धर्मोपदेशक व्हायचा होता, आणि दोन वर्षांत तो सोडून मानसशास्त्राकडे वळले, ही गोष्ट बाबांनी आम्हाला किमान पन्नास वेळा सांगितली असेल. पुढे १९५७ मध्ये रॉजर्सनी मांडलं की माणूस बदलायला ऐकणाऱ्याकडून काय लागतं, तर त्याने आतबाहेर खरं असणं, कसलीही अट न घालता स्वीकारणं, समोरच्याच्या आतून त्याचं जग बघणं, आणि हे त्याच्यापर्यंत पोचणं. बाबा म्हणायचे यातलं स्वीकारणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याला वाटतं आपण ऐकतोय आणि आत आपलं निकालपत्र लिहून तयार असतं.

आता घरातले बाबा. ते घरी यायचे तेव्हा लगेच आत यायचे नाहीत, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायचे, बूट तसेच पायात, दहा मिनिटं. लहानपणी मी खिडकीतून बघायचे आणि मला राग यायचा की घर समोर आहे, आपण वाट बघतोय आणि हे बाहेर काय बसलेत. एकदा विचारलंच. म्हणाले, "हातात सामान आहे ना खूप, ते खाली ठेवतोय." हात तर रिकामे होते. ते वाक्य कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमचं एक भांडणही झालंय, ते लिहिलंच पाहिजे. कॉलेजात कुठला विषय घ्यायचा यावरून मी रडकुंडीला आले होते, बाबांकडे गेले, तर ते शांतपणे "तुला काय वाटतं?" मी काहीतरी बोलले, परत "म्हणजे तुला भीती वाटतेय का?" आणि मी एकदम ओरडले की मला बाबा हवेत, समुपदेशक नकोय, तो तुम्ही जगाला द्या! ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं दुखावले. दुसऱ्या दिवशी सकाळी वही मिटून थेट माझ्या खोलीत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "इतिहास घे. गणित तुला जमतं पण आवडत नाही. हे बापाचं मत आहे, मोडलंस तरी चालेल, पण आहे." मी इतिहास घेतला. त्यानंतर घरात ते मत द्यायला लागले, अगदी स्पष्ट, कधी कधी चुकीचं सुद्धा, आणि चुकलं की "चुकलो" म्हणायचे. आईचं मनगट मोडलं तेव्हा तर प्लास्टर निघेपर्यंत दीड महिना रोज प्रार्थनेनंतर आईची वेणी घालायचे. पहिले काही दिवस वेणी कानाकडे पळायची, मग मधोमध आली. आई अजून म्हणते हात बरा झाल्यावर मला वाईटच वाटलं.

नात्यातलं कुणी मुलाची काळजी करत फोन करायचं, "तो हल्ली जगण्यात अर्थ नाही म्हणतो, विषय काढला तर उलट त्याच्या डोक्यात तेच शिरेल ना?" तेव्हा बाबांचा आवाज बदलायचा. "नाही शिरत. थेट विचार, जीव द्यावासा वाटतो का असं विचार, आणि त्याला एकटं सोडू नकोस, मदत मिळेपर्यंत सोबत थांब." हे एवढंच मी त्यांना ठासून सांगताना ऐकलंय.

ते गेले झोपेत, काहीही चाहूल न देता. मग मला लोक विचारायला लागले तू आता दुःखाच्या कुठल्या पायरीवर आहेस. बाबा असते तर वैतागले असते. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये नाकारण्यापासून स्वीकारण्यापर्यंतच्या त्या पाच अवस्था मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांचा जिना म्हणून नाही, हे ते नेहमी सांगायचे. त्यांना श्ट्रोबे आणि शुट या दोन संशोधकांचं १९९९ मधलं म्हणणं जास्त पटायचं, की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यात मागे-पुढे होत राहतो, आणि दोन्ही लागतं. माझं अगदी तसंच चाललंय, सकाळी बँकेचे फॉर्म भरते, ऑफिसात हसते, आणि संध्याकाळी त्यांच्या चष्म्याच्या घरात त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी सापडते की गेलेच.

त्यांच्या कामाच्या कपाटाला कुलूप होतं. आम्ही किल्लीला हात लावायच्या आधीच त्यांचे एक सहकारी आले, बाबांनी आधीच लिहून ठेवलेलं पत्र घेऊन, की मी अचानक गेलो तर माझ्याकडे येणाऱ्यांना कुणी आणि कसं कळवायचं, नोंदी कुणी ताब्यात घ्यायच्या. त्यांनी एकेकाला स्वतः फोन केला, कपाट रिकामं केलं, खोके नेले. आम्ही बाहेरच्या खोलीत बसून होतो. भावाला वाटत होतं एकदा तरी बघावं, बाबांचंच अक्षर आहे ना आत. आई नाही म्हणाली.

वही मात्र आमच्याकडेच राहिली, मांडीवरची. मी ती महिनाभराने उघडली. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली आम्हा घरातल्यांची नावं, नेहमीच्या क्रमाने, आणि त्याखाली नुसते ठिपके. कधी चार, कधी नऊ. एक शब्द नाही. प्रत्येक ठिपका एक माणूस असणार हे कळायला मला वेळ लागला, आईला लगेच कळलं. देवाला नावं माहीतच आहेत, म्हणाली, कागदाला कशाला सांगतील. शेवटच्या पानावर सात ठिपके आहेत, त्यातला एक पेन टेकवून टेकवून मोठा झालेला.

आई आता पाचला उठते. आसनावर बसते, वहीचं शेवटचं पान उघडते, आमची नावं घेते आणि मग एकेका ठिपक्यावर बोट ठेवते. मोठ्या ठिपक्यावर जरा जास्त वेळ थांबते.