पांढरीवर परत

परवा शुक्रवारच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन भाव करून राहिले होते आणि मोबाईल वाजला. बँकेचा मेसेज. पैसे जमा झाले म्हणून. मी जुडी परत ठेवली, तिथंच बाजूला उभी राहून तो मेसेज दोनदा वाचला आणि नवऱ्याला फोन लावला. लावला खरा पण बोलताच येईना, घसा भरून आला. सोळा वर्षांनी मला खोदकामाचा पगार आला होता.

खोदकाम म्हणजे उत्खनन. मी नागपूरला पुरातत्त्वात एमए केलं, त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की कुठल्या तरी साईटवर ट्रेंच सुपरवायझर म्हणून, म्हणजे खोदायच्या एका चौकोनी खड्ड्याची जबाबदारी घेऊन जायची, पावसाळ्यात भांड्यांचे तुकडे काढायची म्हणजे त्यांची ड्रॉइंग करायची. शेवटची ट्रेंच 2009 च्या एप्रिलात बंद केली. त्या प्रोजेक्टनं शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे दिलेच नाहीत, आज देतो उद्या देतो करत विषय संपला, आणि तोवर पोटात पोरगी होती. मग पोरगी, मग सासूबाईंना लकवा मारला, त्यांचं सगळं अंथरुणावर, त्या आठ वर्षं होत्या. आठ एकर वावर, कापूस आणि तूर. कोणी मला जाऊ नको म्हटलं नव्हतं, हे इथं लिहिणं गरजेचं आहे, कारण लोक लगेच सासरच्यांवर येतात. जायला जागाच नव्हती, एवढंच. साईटवर दोन-तीन महिने तंबूत राहावं लागते, घरी आजारी माणूस आणि लहान लेकरू टाकून कोण जाईल.

डिसेंबरात जुन्या बॅचच्या मित्राचा फोन आला. म्हणाला एक माणूस कमी पडून राहिला, काळ्या मातीत काम केलेला पाहिजे आणि खापरं ओळखणारा पाहिजे, येशील का. मी म्हटलं विचार करून सांगते. फोन ठेवला आणि पहिले ट्रॉवेल, म्हणजे खोदायची छोटी थापी, शोधायला गेले. ते तुळशीजवळ सापडलं, इतकी वर्षं त्यानंच मी रोपं लावत होते. पातं गंजलं होतं, एक कड झिजलेली, ती मात्र तशीच होती, माझ्या उजव्या हाताच्या सवयीनं झिजलेली कड. पॉलिश पेपरनं घासलं. रात्री जेवताना पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू जा ना, मी नववीत आहे, बाबाला भाजी येते."

साईटचं नाव लिहीत नाही. वर्धा नदीच्या अंगाला आहे इतकंच. नाव न लिहिण्याचं कारण गुप्तधन. आमच्याकडं हा रोग जुना आहे, अमावस्येच्या आसपास कोणी तरी येते, लिंबू-नारळ ठेवते आणि रातोरात खड्डा मारून जाते. खड्ड्यात काही नसते. म्हणजे त्यांना पाहिजे ते नसते. आम्हाला पाहिजे असते ते, चूल, राख, घराची जमीन, खांबाचा खड्डा, ते सगळं टिकासानं उलटंपालटं होऊन जाते आणि परत कधीच जुळत नाही. 1878 चा कायदा आहे, जमिनीत दहा रुपयांच्या वर किमतीचं धन सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागते, पण हे अर्ध्या लोकांना ठाऊक नाही आणि उरलेल्यांना फरक पडत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या गावाकडं दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे वावराची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरी काहून पांढरी? कारण शेकडो वर्षं तिथं लोक राहिले, चुली पेटल्या, मातीची घरं पडली, त्यावर परत घरं बांधली, त्या सगळ्या राखेनं आणि मातीनं जमीन फिकी झाली आणि उंच झाली. मला तर वाटते पुरातत्त्वाचा पहिला धडा आपल्या म्हाताऱ्या लोकांनी या एका शब्दात देऊन ठेवला आहे. आणि तीच पांढरी माती लोक ट्रॉलीनं भरून नेतात, वावरात टाकायला, घर सारवायला. मी लहान असताना आमच्याही घरी आणलेली आठवते.

विदर्भात याशिवाय दगडांची वर्तुळं आहेत, मोठमोठे धोंडे गोल मांडलेले आणि मधे दफन. नागपूरजवळ जुनापाणीला शेकडो आहेत, 1879 मध्ये रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यावर लिहिलं होतं. मग पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा खोदलं, 1970 ते 72 मध्ये माहुरझरी खोदलं, तिथं माणसांसोबत घोडे पुरलेले सापडले, घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने सापडले. आणि पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच निघाली. अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागात लोखंड गाळून कुऱ्हाडी बनवत होते लोक. एमएच्या पहिल्या वर्षी हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता कारण तोवर मला वाटायचं इतिहास म्हणजे पुणे, सातारा, रायगड. आपल्याकडं नुसता कापूस.

तर जानेवारीत गेले. पहिल्याच दिवशी मजूर नव्हते. मला हसू आलं कारण हे मी फोनवरच सांगितलं होतं, जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी राहते आणि तूर कापणीला येते, बाया किलोवर वेचतात, त्यांना तिकडं जास्त सुटते, त्या तुमच्याकडं कशाला येतील. चार दिवसांनी आल्या. त्यातल्या एक मावशी, साठीच्या पुढच्या असतील, त्यांनी पहिल्याच दिवशी घमेलं खाली ठेवून विचारलं, "बाई, खरं सांगा, धन निघते का थे?" मी म्हटलं मावशी, खापरं निघतात. त्या म्हणाल्या, "मंग खापरासाठी सरकार तुमाले पैशे देते?" मी म्हटलं हो, मला बी देते आणि तुम्हाला बी. त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग सांबाळून खंदाव लागन." दोन महिन्यांत त्या मावशीइतकं हलक्या हातानं कोणी खोदलं नाही. निंदणाचा हात आहे तो, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडातलं गवत काढताना मुळाला धक्का लागू द्यायचा नाही, तोच हात.

गुडघे दुखले. पहिले दहा दिवस रात्री झोप नाही इतके दुखले. आणि चौथ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली, दोन थर मी एकच धरून खाली गेले, दुपारच्या उन्हात माती वाळून सारखीच दिसायला लागली होती आणि मी पाणी न मारताच पुढं गेले. बाजूच्या ट्रेंचमधल्या पोट्ट्यानं सेक्शन, म्हणजे ट्रेंचची उभी भिंत, पाहून सांगितलं, मॅडम इथं एक रेघ आहे. होती. बारीक, राखेची, बोटभर जाडीची. मी त्या रात्री तंबूत खूप रडले, आता जमणार नाही वाटलं. दुसऱ्या दिवशी नवीन फवारणी पंप आणला, औषधाला कधी न वापरलेला, आणि दर तासाला भिंत ओली करायला लागले. सेक्शन ओला असला की थर बोलतात, जुनीच गोष्ट, मला माहीतच होती, फक्त हातातून गेली होती.

मग ते बांगडीचं झालं. ट्रेंच पांढरीच्या कडेला होती, तिथं खाली काळी माती येते. 90 सेंटीमीटर खोलीवर काळी-तांबडी खापरं येऊन राहिली होती, तीच जुनी लोहयुगातली, आत आणि तोंडाला काळी, बाहेर तांबडी, आणि त्यात एका विद्यार्थिनीला काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला. निळी. सगळे धावत आले, फोटो काढून राहिले, इतकी जुनी काच म्हणजे मोठीच गोष्ट. मी खाली उतरले आणि बांगडी पाहिलीच नाही, तिच्या भोवतीची माती पाहिली. बाजूची माती घट्ट, ढेकळाची, आणि बांगडी होती तिथली भुसभुशीत, जराशी जास्त काळी, आणि ती काळी पट्टी वरपर्यंत गेलेली, वाकडीतिकडी, वर रुंद आणि खाली निमुळती. भेग होती ती. भरून गेलेली भेग.

आता हे मला पुस्तकातून कळलं असं नाही. आमच्या वावरात एका उन्हाळ्यात ठिबकचं कनेक्टर माझ्या हातून भेगेत पडलं, मी कोपरापर्यंत हात घातला, मग काडी घातली, नाहीच लागलं. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, मे महिन्यात तिच्यात लेकराचा पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, मग पहिल्या पावसात वरची माती आत वाहून जाते आणि भेग मिटते. वरचं खाली जाऊन बसते. कुणाची तरी बांगडी निंदताना फुटली असेल, पन्नास वर्षांपूर्वी, शंभर वर्षांपूर्वी, आणि गेली खाली. मी त्या पोरीला समजावून सांगितलं, ती हिरमुसली, मला वाईट वाटलं, पण मग आम्ही दोघींनी मिळून ती भेग पूर्ण मोकळी केली, वेगळी पिशवी, वेगळं लेबल, आणि तिनं तिचं इतकं सुंदर ड्रॉइंग काढलं की डायरेक्टर सरांनी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी मला विचारलं एवढ्या लवकर कसं ओळखलं. मी म्हटलं, सर, मी सोळा वर्षं काळ्या मातीतच होते.

जे बदललं ते खूप बदललं. आमच्या वेळी उंची-खोली मोजायला डंपी लेव्हलची दुर्बीण आणि लेव्हल स्टाफची पट्टी, ग्राफ पेपर आणि रोलचा कॅमेरा, रोल धुऊन येईपर्यंत फोटो आला की नाही कळायचं नाही. आता टोटल स्टेशन नावाचं मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, ड्रोन, सगळी ट्रेंच लॅपटॉपवर गरगर फिरवून पाहता येते. ते मला अजून पूर्ण जमलं नाही, शिकून राहिले. कार्बन डेटिंगला, म्हणजे वस्तू किती जुनी ते काढायला, आम्ही ग्रॅमच्या हिशोबानं कोळसा गोळा करायचो, फॉइलमध्ये बांधून, आता एएमएस पद्धतीत काही मिलिग्रॅममध्ये काम होते, दिल्लीतच ती सोय आहे, म्हणजे धान्याचा एक जळका दाणाही पुरते.

त्या दाण्यासाठी फ्लोटेशन करतात. ते मी आधी फार केलं नव्हतं, पंचविशीतल्या एका पोरीनं शिकवलं. पाण्याचा ड्रम, त्यात राखेची माती हळू सोडायची, हातानं ढवळायची, जड खाली बसते आणि जळकं वर तरंगते, ते कापडावर गाळून सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं की तडकते. एका दुपारी कापडावर काळं, गोल, हरभऱ्याएवढं काही तरी आलं. मी तळहातावर घेतलं, भिंगाखाली धरलं, खरबरीत, एका जागी टोक. मावशी बाजूला बसून बोरं खाऊन राहिल्या होत्या, जानेवारीचा महिना, बांधावर बोरांचा सडा. त्यांनी वाकून पाहिलं आणि तोंडातली आठळी काढून माझ्या हातावरच्या दाण्याजवळ ठेवली. "हे त बोराची आठोयी हाय." होती. विदर्भातल्या लोहयुगाच्या साईट्सवरून तांदूळ, गहू, जव, मसूर आणि बोर निघाल्याची नोंद आहे, म्हणजे नवीन शोध नव्हता. पण दोन आठळ्या एकाच तळहातावर, एक ओली आणि एक काळी, मी किती तरी वेळ हात हलवला नाही. कोणी तरी बोर खाऊन आठळी चुलीत टाकली होती. आम्ही पण तेच करतो.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, पैशाची. आमच्या क्षेत्रात पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आणि बायांना तर त्याहून सोपं सांगतात, ताई, आवडीचं काम आहे ना तुमचं. आवड आहे म्हणूनच तर मी गुडघे फोडून घेतले, पण मावशीला शनिवारी मजुरी मिळते तशी मला महिन्याला मिळाली पाहिजे. 2009 मध्ये ते दोन महिने बुडाले तेव्हा मी कोणाशी भांडले नाही, कारण मलाच वाटायचं की मागणं बरं दिसत नाही. ते चुकलं माझं. माझ्यासारख्या किती जणी नागपूर-अमरावतीच्या, यवतमाळच्या घरांमधे आहेत, एमए झालेल्या, ज्यांना सेक्शन वाचता येते, खापर हातात घेऊन सांगता येते चाकावरचं की हातानं थापलेलं, आणि कोणी फोन करत नाही. इकडं बुलडाण्यात भोनसारखी जागा, पूर्णेकाठी स्तूप निघालेली, जिगाव धरणाच्या पाण्यात जायची आहे. कामाला माणसं नाहीत आणि माणसांना काम नाही, हे मला सहन होत नाही. जर तुम्ही टीम बनवून राहिले असाल तर जुन्या लिस्टा काढा आणि फोन लावा, आणि तारखेला पैसे द्या.

आणि साईट नोटबुक. पहिल्या पानावर सुपरवायझरचं नाव आणि इनिशियल लिहावे लागतात, मग प्रत्येक पिशवीच्या लेबलवर तेच इनिशियल. जुन्या सगळ्या लेबलांवर माझे माहेरचे आहेत, कुठल्या तरी गोडाऊनमध्ये त्या पिशव्या आजही पडल्या असतील. बँकेत, आधारवर सासरचं नाव. पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. मित्र म्हणाला अगं, ट्रेंच थांबली आहे. मग मी दोन्ही लिहिले, चार अक्षरं, लेबलवर जरा जास्त जागा लागते. दोन महिन्यांत 412 पिशव्या झाल्या. सोमवारी परत जायचं आहे, तूर निघाली आहे, मजूर येतील आता.