ऋण गेलं, धन उरलं

आमचं गाव विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी घोटभरही पिववत नसे, आणि त्यात तुरीची डाळ कितीही उकळली तरी शिजत नसे. आई पावसाचं पाणी रांजणात भरून ठेवायची आणि डाळीपुरतं काढायची. विहिरीच्या पाण्यात असं आहे तरी काय, हे मला आमच्या शाळेत, नववीत कळलं. साल 1993.

विज्ञानाच्या सरांनी टेबलाच्या मधोमध 11 सरक्या ठेवल्या. भोवती ज्वारीचे 11 दाणे मांडले: आधी दोन, मग आठ, आणि पार बाहेर एकटाच एक. सरकी म्हणजे प्रोटॉन, ज्वारी म्हणजे इलेक्ट्रॉन. हा झाला सोडियम. मग तो बाहेरचा दाणा चिमटीत उचलून त्यांनी शेजारी मांडलेल्या क्लोरीनला दिला. तिथं बाहेरच्या कवचात सात होते, ते आठ झाले.

"आता सोडियमवर प्रभार कोणता?"

मी उठून सांगितलं, "एक कमी झाला सर, म्हणजे ऋण एक."

"ऋण म्हंजे काय रे?"

"कर्ज."

"मंग तुह्या बापानं सोसायटीचं कर्ज फेडलं, त थो कर्जात गेला का कर्जातून निघाला?"

त्या वर्षी बाबांचं कर्ज थकलेलं होतं. घरात रात्री तोच विषय असायचा, त्यामुळे उत्तर मला शोधावं लागलं नाही. इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण, प्रोटॉन धन. तो गेला की सरक्या 11 आणि ज्वारी 10, म्हणून सोडियम धनप्रभारित. क्लोरीनकडे प्रोटॉन 17, इलेक्ट्रॉन आता 18, म्हणून तो ऋणप्रभारित. "सरकीले हात लावाचा नाही," सर पुन्हा पुन्हा बजावत. मधले प्रोटॉन तेवढेच राहतात, म्हणून प्रभार आला तरी सोडियम सोडियमच असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या, चार नवे सेल आणि रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा लाल एलईडी जोडला. कांड्या आमच्या रांजणातल्या पाण्यात बुडवल्या. दिवा लागला नाही. विहिरीच्या पाण्यात बुडवल्या आणि लागला! त्यात मीठ विरघळलेलं होतं. पाण्यानं त्याचे आयन, म्हणजे असे प्रभारित अणू, तयार केले असं आम्हाला वाटलं. सरांनी ते तिथंच खोडून काढलं. मिठाच्या खड्यात आयन आधीपासूनच असतात, फक्त जागच्या जागी जखडलेले. पाणी त्यांना मोकळं करतं, आणि मग ते वीज वाहून नेतात. 'आयन' हा शब्द फॅरेडेनं 1834 साली रूढ केला, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'जाणारा', हे ते सांगत होते तेव्हा तो लाल ठिपका समोर जळत होता.

आज मी माती-पाणी परीक्षणाचं काम करतो. आपल्या चिकण काळ्या मातीच्या कणांवर ऋणप्रभार असतो. त्याला सोडियमचे आयन फार चिकटले की माती फुगते, चोपण होते, पाणी खाली मुरत नाही. अशा मातीत जिप्सम हे खनिज टाकलं की त्यातला कॅल्शियम त्यांना हटवून ती जागा घेतो.

परवा एका शेतकरीदादांनी विचारलं, "कॅल्शियमच काऊन?" मी खणातली सरकी-ज्वारीची डबी काढली. कॅल्शियमच्या 20 सरक्या मांडल्या, भोवतीच्या ज्वारीतले बाहेरचे दोन दाणे उचलले. सोडियमनं एक दिलेला, यानं दोन. म्हणून मातीचा कण याला जास्त घट्ट धरतो. त्यांनी ते दोन दाणे तळहातावर घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे यानं दोन कर्ज फेडले."