ए की बी-फ्लॅट? क्लॅरिनेट क्विंटेट निवडण्याचा माझा अनुभव

आमच्या हौशी स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांच्या संचात) मी व्हिओला, म्हणजे व्हायोलिनहून थोडे मोठे तंतुवाद्य, वाजवतो. एक क्लॅरिनेटवादक सोबत वाजवण्यास तयार झाल्यावर रचना निवडण्याचे काम माझ्याकडे आले. मोझार्टचे १७८९ मधील के. ५८१ (‘के.’ हा त्याच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक) हे क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, घ्यावे, यावर लगेच एकमत झाले. मनस्ताप झाला तो त्यातील क्लॅरिनेटच्या पार्टवरून, म्हणजे त्या वाद्यासाठीच्या स्वतंत्र स्वरलिपीवरून.

ही रचना ए क्लॅरिनेटसाठी, म्हणजे बी-फ्लॅटहून अर्ध्या स्वराने खाली वाजणाऱ्या वाद्यासाठी, आहे आणि आमच्या वादकाकडे, पुष्कळ हौशी वादकांप्रमाणे, केवळ बी-फ्लॅट क्लॅरिनेट होते. ज्या ग्रंथालयातून आम्ही पार्ट उसने घेतो, त्याच्या अर्जात संगीतकार, ओपस (रचनेचा) क्रमांक आणि परतीची तारीख यांसाठी रकाने आहेत. पार्ट कोणत्या क्लॅरिनेटसाठी हवा, हे विचारण्याची गरज मात्र तेथे कोणालाही वाटलेली नाही. मी ते शेऱ्यात स्पष्ट लिहिले. दीर्घ प्रतीक्षेनंतर संच आला तो फक्त ए पार्टचा, आणि विचारणा केल्यावर ‘संच जसा आहे तसाच मिळेल’ एवढेच उत्तर मिळाले. हा फरक क्षुल्लक नाही. ए क्लॅरिनेटवर हा पार्ट सी मेजरमध्ये, म्हणजे एकाही शार्पविना (स्वर अर्ध्याने चढवण्याच्या खुणेविना) वाचता येतो. तोच बी-फ्लॅटसाठी लिहून काढला की बी मेजर होतो आणि पाच शार्प सांभाळावे लागतात. शिवाय ए क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा ई बी-फ्लॅटवर ई-फ्लॅट होतो, जो साध्या वाद्यावर नसतोच, त्यामुळे अशा जागा वरच्या सप्तकात न्याव्या लागतात. अखेर ओळखीतून ए क्लॅरिनेट उसने मिळाले. बोटांची ठेवण तीच असल्याने आणि नेहमीचाच माउथपीस त्यावर बसल्याने आमचा वादक लवकर रुळला. ग्रंथालयाचा अर्ज अजूनही तसाच आहे.

ए क्लॅरिनेट मिळणारच नसेल, तर बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी लिहिलेले वेबरचे ओपस ३४ पाहावे. १८१५ मध्ये पूर्ण झालेल्या या क्विंटेटमध्ये तंतुवाद्यांकडे बहुतांशी साथ असते, मात्र क्लॅरिनेटवादक खरोखरच तयारीचा हवा. तसा नसल्यास हाइनरिख बेअरमानच्या ओपस २३ मधील अदाजिओ (संथ भाग) घ्यावा. तो बराच काळ वाग्नरच्या नावावर खपत होता. व्हिओलावादकाला विचाराल, तर मोझार्टला तोड नाही, कारण शेवटच्या मूव्हमेंटमधील (भागातील) तिसऱ्या व्हेरिएशनमध्ये (मूळ धूनच्या बदललेल्या रूपात) मायनरमधली, उदास छटेची सारी कैफियत आमच्याकडे येते.

ब्राम्सचे १८९१ मधील ओपस ११५ पहिल्या वर्षी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तेही ए क्लॅरिनेटसाठीच आहे आणि त्याच्या दुसऱ्या मूव्हमेंटच्या मध्यभागी क्लॅरिनेट इतके मोकळे विहरते की चौघांनी त्याच्याशी ताल राखणे हीच मोठी परीक्षा ठरते.

आणखी एक: पार्ट आणि स्कोअर (सर्व वाद्यांची एकत्र स्वरलिपी) एकाच आवृत्तीचे मागवावेत. सरावाची अक्षरे (तालमीसाठी छापलेल्या खुणा) किंवा मापांचे (बारचे) क्रमांक जुळले नाहीत, तर थांबल्यावर पुन्हा कोठून सुरुवात करायची, यावरच तालमीचा बराचसा वेळ जातो. मोझार्टच्या मिन्युएटमधील (नृत्यचालीच्या भागातील) पहिला ट्रायो, म्हणजे मधला उपभाग, केवळ तंतुवाद्यांचा आहे. क्लॅरिनेटवादक उशिरा येणार असेल, त्या दिवशी तालीम तेथूनच सुरू करावी.