तुम्ही विचारलंत म्हणून : एका दिवसात नागपूर कसं पाहावं?

सोयाबीन निघालं, दिवाळी झाली की गावातून हमखास विचारणा होते : "लेकरांना नागपूर दाखवायचं आहे. सकाळच्या एसटीनं जाऊन रात्री परत यायचं. काय काय होईल?"

तीन ठिकाणं नीट होतील. सहा ठरवलीत तर निम्मा दिवस ऑटोत जाईल आणि लेकरांना बाग कमी, सिग्नल जास्त दिसतील.

पहिली गोष्ट, सोमवारी जाऊ नका. महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय, अजब बंगला नावाचं संग्रहालय आणि गोरेवाड्याचं प्राणी उद्यान, तिन्ही सोमवारी बंद असतात. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखोंनी लोक येतात. दर्शनालाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण बागा पाहायला ते दिवस नकोत. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्स आणि बर्डीचे (सीताबर्डीचे) रस्ते अडतात. एप्रिल-मेच्या उन्हात लहान लेकरांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन फिरूच नये. नोव्हेंबरअखेर किंवा जानेवारीतला साधा मंगळवार-बुधवार उत्तम.

गाडी गणेशपेठच्या एसटी स्टँडला लागली की आधी चौकशीच्या खिडकीवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या. सगळा दिवस त्या वेळेवरून मागे मोजायचा आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, ७५च्या वर मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. या सवलती मेट्रोत आणि ऑटोत चालत नाहीत, तेवढे पैसे वेगळे धरा.

सकाळी महाराजबाग. भोसल्यांच्या काळची ही बाग आज कृषी महाविद्यालयाकडे आहे. प्राणी पाहायचे तर ऊन चढायच्या आत. दुपारी वाघ-बिबट सावलीला पडून राहतात, मग लेकरं जाळीशी उभी राहून "उठत काऊन नाही?" विचारत बसतात. तिथून अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, जवळच आहे. १८६३ सालचं. पेंढा भरलेले प्राणी, जुन्या मूर्ती, आदिवासींच्या वापरातल्या वस्तू. आजी-आजोबा सोबत असतील तर दुपार इथंच काढा, सावली मिळते. झिरो माईलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळी जिथून अंतरं मोजत तिथला खांब आणि त्याचे चार दगडी घोडे वाटेत पाहून होतात.

शाळकरी पोरं असतील तर दुपार रमण विज्ञान केंद्राला द्या. गणेशपेठच्या स्टँडपासून ते जवळ आहे, समोर गांधीसागर. तारांगणाचे खेळ ठरलेल्या वेळी आणि वेगवेगळ्या भाषांत असतात. आत शिरताच मराठी खेळाची वेळ विचारून तिकीट काढा आणि मग बाकीची दालनं पाहा. उलटं केलंत तर मराठी खेळ निघून जातो. आत पूर्ण अंधार होतो, अगदी लहान लेकरू घाबरून रडतं. त्याला घेऊन एकानं बाहेर थांबलेलं बरं.

संध्याकाळ पाण्याकाठी. फुटाळा तलावाला तीन बाजूंनी झाडी आणि एका बाजूला चौपाटी. मावळतीचा देखावा तिथला फार सुंदर. पण मेट्रो फुटाळ्यापर्यंत जात नाही. सुटीच्या संध्याकाळी तिथं एवढी गर्दी होते की परतीला ऑटो मिळत नाही, आणि शेवटची गाडी चुकते ती बहुतेक इथंच. म्हणून परतीची घाई असेल तर आम्ही अंबाझरी तलाव सांगतो. बर्डीहून लोकमान्य नगरकडे जाणारी मेट्रो धरा, उजव्या हाताच्या खिडकीशी उभं राहा. सुभाषनगरच्या आसपास उंचावरून तलाव दिसतो. गावातल्या पोरांना मेट्रोचीच हौस जास्त असते, ती त्यातच भागते. स्टेशनवर लिफ्ट असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. खर्रा (तंबाखू-सुपारी) मात्र खिशातच राहू द्या, थुंकलं की दंड.

गोरेवाडा या दिवसात बसवू नका. २६ जानेवारी २०२१ला सुरू झालेली तिथली बसमधली सफारी देखणी आहे, पण ती शहराच्या टोकाला काटोल रस्त्याकडे, आणि बसचा नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. काटोल-कळमेश्वरकडून येणाऱ्यांनी तेवढ्यासाठीच वेगळा दिवस काढावा, तिकीट आधी काढून.

उंचावरून शहर पाहायचं असेल तर बर्डीचा किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या दिवशीच उघडतो. तिघांत जानेवारीचा दिवस बरा, मे महिन्यात दगड तापलेले असतात.

डबा घरूनच न्या, फक्त सकाळी तर्री पोहे, म्हणजे तिखट रस्सा घातलेले पोहे, तिथं खा. संत्रा बर्फी घ्यायची तर परतीला, स्टँडवर निघताना. दिवसभर पिशवीत राहिली की उन्हानं चिकट होते. आणि अंधार पडायच्या आत तलावावरून उठा, कारण गणेशपेठच्या फलाटावर गाडीत जागा धरायला अर्धा तास तरी हातात हवा.